जुना गोल्फ कोर्स आणि त्याची पुनर्रचना कशी जोखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फ खेळणारे, नुसता टीव्हीवर पाहणारे आणि क्लबच्या सर्वसाधारण सभेत ‘कोर्स नव्याने करून घ्यायचा’ असा ठराव आल्यावर हात वर करावा की नाही या पेचात पडलेले, अशा तिन्ही मंडळींसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक स्कॉटलंड आणि अमेरिकेची आहेत, कारण जुने कोर्स बिघडवण्याचा आणि मग ते निस्तरण्याचा सर्वाधिक अनुभव त्यांनाच आहे.

‘क्लासिक’ कोर्स नेमका कशाला म्हणायचं?

ढोबळ मानाने दोन गट. एक, स्कॉटलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे लिंक्स कोर्स. ते कुणा एकाने आखलेले नाहीत, वारा, मेंढ्या आणि खेळणाऱ्यांच्या पायवाटांनी घडलेले आहेत. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे २२ होल (पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा) १७६४ मध्ये १८ झाले, आणि पुढे तोच आकडा जगाने उचलला. दुसरा गट साधारण १९१० ते १९३९ मधला: अ‍ॅलिस्टर मॅकेंझी, डोनाल्ड रॉस, हॅरी कोल्ट, ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट, सी. बी. मॅक्डोनाल्ड, जॉर्ज थॉमस या रचनाकारांचे कोर्स. तेव्हा माती हलवायची ती खेचरं जुंपून. त्यामुळे टेकडी, ओढा, खळगा जिथे असेल तिथेच ठेवून त्याभोवती होल बसवावा लागे. बुलडोझर आल्यावर ही सक्ती गेली आणि तिच्याबरोबर बरंच काही गेलं.

क्लब जुना म्हणजे रचना जुनी असं मात्र नाही. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना. पण क्लबांच्या जागा बदलतात, होल बदलतात, कधी कधी खेळच निघून जातो आणि नाव तेवढं उरतं. नाशिककर ज्याला आजही सर्रास ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात तिथे क्रिकेट चालतं.

अवघड कोर्स म्हणजे चांगला कोर्स ना?

हा गैरसमज टीव्हीने पसरवला आहे. कोर्स अवघड करणं सर्वात सोपं: रफ (कडेचं उंच गवत) वाढवा, फेअरवे (मधली कापलेली वाट) अरुंद करा, दोन्ही बाजूंना पाणी ठेवा. त्यात विचार करण्यासारखं काही उरत नाही; सरळ मारा, नाहीतर भोगा.

चांगल्या रचनेचा नमुना हवा असेल तर स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचा पंधरावा होल बघा. नाव रेडान, क्रिमियन युद्धातल्या तटबंदीवरून पडलेलं. हा पार ३ (तीन फटक्यांत पुरा करायचा होल), पण ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) समोर सरळ मांडलेलं नाही. ते तिरकं आहे आणि त्याचा उतार पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे खेळणाऱ्यापासून दूर जातो. डाव्या अंगाला पोटात खोल बंकर (वाळूचा खड्डा). पिन (खड्ड्यातला झेंडा) डावीकडे असेल आणि तुम्ही थेट तिच्यावर मारलंत तर बहुधा बंकरात किंवा ग्रीनच्या पलीकडे. जाणकार चेंडू ग्रीनच्या उजव्या खांद्यावर उतरवतो आणि उतारावरून डावीकडे घरंगळत जाऊ देतो. ज्याला हे जमत नाही तो उजवीकडे अलीकडे मारून, एक चिप (जवळून मारलेला छोटा फटका) आणि दोन ‘पट’ (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारे फटके) करून सुखाने पुढे जातो. होल एकच, पण दोघांना आपापला खेळ मिळतो. मॅक्डोनाल्डने हा होल अमेरिकेत नेला आणि आज जगभर त्याच्या शेकड्याने नकला आहेत, त्यातल्या काही फारच वाईट.

माझी कसोटी साधी आहे: पिनची जागा बदलली की टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) चेंडू कुठे टाकायचा हे बदलतं का? बदलत असेल तर रचनेत जीव आहे. लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा कोर्सचा दहावा होल पार ४ असून जेमतेम ३१५ यार्डांचा. आजचे व्यावसायिक एका फटक्यात तिथे पोचतात. तरीही थेट ग्रीनवर जावं की डावीकडे अलीकडे थांबावं यावर त्यांचे आणि त्यांच्या कॅडींचे अजून वाद होतात, कारण ग्रीन चिंचोळं आणि तिरकं आहे आणि चुकीच्या बाजूने दुसरा फटका जवळजवळ अशक्य. पाण्याचा एक थेंब नाही तिथे.

मॅकेंझीने १९२० मध्ये आदर्श कोर्सची १३ लक्षणं मांडली होती. त्यात कमकुवत खेळाडूसाठी पर्यायी वाट हवी, चेंडू शोधत फिरण्याचा वैताग अजिबात नको, ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत फार चालावं लागू नये, या गोष्टी आहेत. हा गृहस्थ पेशाने डॉक्टर. खेळणाऱ्याची तब्येत सुधारावी, रक्तदाब वाढू नये, असाच त्याचा रोख.

‘रिस्टोरेशन’, ‘रिनोव्हेशन’, ‘रीडिझाइन’ यांत फरक काय?

माहितीपत्रकात काहीही नसतो, तिन्ही शब्द एकाच कामाला लावलेले असतात. जमिनीवर मात्र खूप असतो. पहिल्यात कोर्स एका ठरावीक काळातल्या रूपाकडे नेतात. दुसऱ्यात निचरा, गवत, वाळू, पाइपलाइन नवी होते, पण रचना तीच राहते. तिसऱ्यात होलच बदलतात. आपल्याकडे गावच्या जुन्या देवळाचा ‘जीर्णोद्धार’ म्हणत काळ्या पाषाणावर ऑइल पेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसतात, तसले प्रकार गोल्फमध्येही मुबलक झाले आहेत. म्हणून शब्द सोडा, नकाशा मागा.

कुणी हात लावला नाही तर जुना कोर्स आहे तसाच राहतो ना?

नाही, आणि सगळ्या विषयातली सर्वात मजेची गोष्ट हीच आहे. कोर्स रोज थोडा थोडा बदलतो, कुणी ठराव न करता.

ग्रीनचं उदाहरण घ्या. कापणी करणारा माळी कडेला येताना मशीन किंचित आत वळवतो, कारण बाहेरचं गवत चुकून बारीक कापलं गेलं तर बोलणी त्याला खावी लागतात. वर्षाला चार बोटं आत. पन्नास वर्षांत ग्रीनचे कोपरे नाहीसे होतात आणि मूळचा वेडावाकडा, कोनाकोनांचा आकार अंड्यासारखा होऊन बसतो. गंमत अशी की पिन लावायच्या सर्वात खट्याळ जागा त्या कोपऱ्यांतच होत्या, बंकरांच्या अगदी काठावर. बंकर तिथेच राहतो, ग्रीन त्याच्यापासून दहा पावलं लांब सरकतं, आणि मग नवा मेंबर विचारतो, हा बंकर इथे कशाला?

हरवलेली कड शोधण्याची पद्धत मला फार आवडते. मातीचा नमुना काढायची पोकळ नळी हातभर लांबीची असते. ती आजच्या ग्रीनच्या बाहेर, रफमध्ये पायाने दाबून खुपसतात आणि वर काढून बघतात. ग्रीनवर दरवर्षी पातळ वाळू पसरतात, त्यामुळे जिथे कधीकाळी ग्रीन होतं तिथे नळीत वाळूचे थर दिसतात. एक पाऊल पुढे पुन्हा खुपसायची, मग आणखी एक. ज्या जागी थर संपून साधी माती लागते तिथे छोटा झेंडा रोवायचा. असे झेंडे गोल लावत गेलं की नव्वद वर्षांपूर्वीचं ग्रीन डोळ्यांसमोर उभं राहतं. जुनी हवाई छायाचित्रं जोडीला असली तर वादच मिटतो.

बंकरांचं उलट. प्रत्येक फटक्यासरशी वाळू उडते आणि काठावर साचते. वर्षानुवर्षं काठ उंचावत जातो, ग्रीनची कड बाहेरून आत उतरायला लागते, आणि जो चेंडू पूर्वी घरंगळून बंकरात जायचा तो आता आत ढकलला जातो. म्हणजे कोर्स सोपा झाला, तोही कुणाच्या लक्षात न येता.

झाडं तोडण्याला ‘सुधारणा’ कसं म्हणायचं?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि यायलाच हवा. पिट्सबर्गजवळचा ओकमाँट हेन्री फाऊन्सने १९०३ मध्ये मोकळ्या शेतजमिनीवर केला. तिसऱ्या आणि चौथ्या होलमधला ‘चर्च प्यूज’ बंकर, गवताच्या समांतर ओळींचा, त्याचीच खूण. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे शोभेसाठी हजारो झाडं लावली. झाडं वाढली, सावली पडली, गवत मरायला लागलं, आणि वाऱ्याचा खेळ संपला. १९९० च्या दशकात तोडणी सुरू झाली ती पहाटेच्या अंधारात, मेंबरांना कळू नये म्हणून. उजाडेपर्यंत बुंधा, फांद्या, भुसा सगळं साफ! प्रकरण उघड झाल्यावर क्लबात बराच गोंधळ झाला, पण आज एका टोकावरून जवळपास सगळा कोर्स दिसतो आणि त्याबद्दल खंत करणारं फारसं कुणी उरलेलं नाही.

झाड हे रचनेचं साधन म्हणून किती केविलवाणं असतं त्याचा किस्सा ओहायोतल्या इनव्हर्नेस क्लबचा. १९७९ च्या यूएस ओपनमध्ये लॉन हिंकलने आठव्या होलवर शेजारच्या सतराव्याच्या फेअरवेवर चेंडू मारून वाट आखूड केली. आयोजकांनी रातोरात तिथे एक स्प्रूस आणून लावला. दुसऱ्या दिवशी हिंकलने त्याच्यावरून मारलं.

तरीही ओकमाँटचा धडा जसाच्या तसा उचलून इथे आणू नये. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स झाडझाडोऱ्यातच वाढला आहे. मोर आहेत, लाल बंगल्यासारख्या मुघलकालीन इमारती आहेत, आणि फेअरवे इतके अरुंद की भलेभले व्यावसायिक तिथे ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारी काठी) बाहेर काढत नाहीत. झाडी हीच त्या कोर्सची ओळख आहे. आणि एप्रिलमध्ये पुण्यात किंवा नागपुरात खेळलेल्या माणसाला टीजवळच्या झाडाचं मोल सांगायला नको. झाड कुठे उभं आहे ते बघावं: खेळाच्या वाटेत, ग्रीनच्या पूर्वेला सकाळचं ऊन अडवत, की नुसतं कडेला.

लांबी वाढवल्याशिवाय जुने कोर्स टिकतील का?

पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत) ड्राइव्हची, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब फटक्याची, सरासरी १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होती, २०२३ मध्ये ३०० च्या आसपास. म्हणजे १९२० च्या दशकात ज्या जागी बंकर खणला होता त्यावरून आज चेंडू सहज उडत जातो. दोन उपाय: बंकर पुढे न्या किंवा टी मागे न्या. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने तेराव्या होलची टी २०२३ मध्ये ३५ यार्ड मागे नेली; त्यासाठीची जमीन शेजारच्या क्लबकडून विकत घ्यावी लागली. असे शेजारी आणि असा खिसा प्रत्येकाला नसतो.

पण फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनचा हिशोब बघा. २०१३ ची यूएस ओपन तिथे ७,००० यार्डांच्या आत, ६,९९६ वर खेळवली. जस्टिन रोज जिंकला तो पारपेक्षा एक जास्त घेऊन. (फेअरवे मात्र नको इतके आवळले होते, हेही खरं.) चेंडूच थोडा कमी जाईल असा नियम २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला आहे आणि या दशकाच्या शेवटी लागू होणार आहे. मला तो आणखी वीस वर्षं आधी हवा होता.

तुम्ही-आम्ही २०० यार्ड मारणारे. मागच्या टीचा आणि आपला संबंध एवढाच की तिथवर चालत जावं लागत नाही हे नशीब.

मग सर्वात जास्त नुकसान कशाने झालं?

माझ्या मते ग्रीनच्या वेगाने. ड्रायव्हरला उगाच बदनाम करतात.

१९३५ ची यूएस ओपन ओकमाँटवर पाहताना एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूने एक पट ग्रीनवरून थेट बंकरात गेलेला पाहिला आणि वेग मोजायची एक खाचेची पट्टी तयार केली. पट्टी उचलायची, चेंडू खाचेतून सुटतो, किती फूट गेला ते मोजायचं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात देशभर मोजमाप केलं तेव्हा सरासरी साडेसहा फूट निघाली. संघटनेचा हेतू होता एकाच कोर्सची १८ ग्रीन्स सारखी ठेवण्याचा. झालं भलतंच: क्लबाक्लबांत शर्यत लागली. आज मोठ्या स्पर्धांत १२ ते १४ फूट सर्रास असतं.

याचा रचनेशी संबंध असा. साडेसहाच्या वेगाला पाच-सहा टक्के उतारावरही पिन लावता येते. बाराच्या पुढे गेलात की तीन टक्क्यांच्या वर चेंडू थांबतच नाही. मग मॅकेंझीच्या, रॉसच्या ग्रीन्सवर अर्धी जागा निकामी ठरते आणि समिती म्हणते, ‘ग्रीन सपाट करून घेऊ.’ खुद्द ओल्ड कोर्सवर अकराव्या होलच्या ग्रीनचा डावीकडचा उतार २०१२ च्या हिवाळ्यात कमी केला, तिथे पिन लावता यावी म्हणून. केवढा गहजब झाला! आणि २०१५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने त्याच भागात चेंडू जागचे हलू लागले, तेव्हा खेळ तासन्‌तास थांबवावाच लागला. शंभर-दीडशे वर्षांचा उतार खोदण्यापेक्षा गवत दोन मिलिमीटर उंच ठेवणं स्वस्त पडलं असतं, असं मला वाटतं. पण ‘आमची ग्रीन्स बाराची’ हे पार्टीत सांगता आलं नसतं.

ऑगस्टा नॅशनल तरी मूळ रूपात आहे ना?

छे. मॅकेंझी आणि खेळाडू बॉबी जोन्सने १९३३ मध्ये उघडलेला कोर्स आज कुणाला ओळखू येणार नाही. पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली. मॅकेंझी जानेवारीतच वारला होता. लगेच पुढच्या वर्षी पहिले नऊ आणि शेवटचे नऊ होल अदलाबदल झाले. १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेलने दहावं ग्रीन मागच्या उंचवट्यावर नेलं. सोळाव्याचं प्रसिद्ध तळं १९४७ चं, आर्किटेक्ट रॉबर्ट ट्रेंट जोन्सचं. १९९९ मध्ये रफ आलं, नंतर टॉम फॅझिओच्या हाताखाली लांबी आणि झाडं. सुरुवातीचे सुमारे ६,७०० यार्ड आता साडेसात हजारांच्या पुढे गेले आहेत.

पुढच्या वेळी मास्टर्स (ऑगस्टावरची स्पर्धा) बघताना दहाव्या होलवर लक्ष ठेवा. फेअरवेच्या मधोमध, ग्रीनच्या बरंच अलीकडे, बोटं पसरल्यासारखा एक अवाढव्य बंकर आहे. त्यात कुणाचाच चेंडू जात नाही. तो मॅकेंझीचा, जुनं ग्रीन त्याला लागून होतं. ग्रीन गेलं, बंकर राहिला. खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी आणि मला त्या कोर्सवरची सर्वात आवडती गोष्ट.

दहाव्याचा बदल चांगला होता, हे मान्य करायला हवं. जुन्याला हात लावूच नये असं म्हणणाऱ्यांनी हा होल आणि उत्तर आयर्लंडमधला रॉयल पोर्टरश बघावा. कोल्टच्या त्या कोर्सचे शेवटचे दोन होल सपाट आणि मचूळ होते. २०१९ च्या ब्रिटिश ओपनसाठी ते काढून, शेजारच्या वाळूच्या टेकड्यांत नवे सातवा-आठवा होल केले. नवखा माणूस ते होल वेगळे काढून दाखवूच शकत नाही.

मग नीट झालेली पुनर्स्थापना कुठली?

नॉर्थ कॅरोलायनातला पाइनहर्स्ट नंबर २. डोनाल्ड रॉस तिथेच राहायचा आणि १९०७ पासून १९४८ मध्ये मरेपर्यंत त्यावर काम करत राहिला. १९३५ पर्यंत तिथली ग्रीन्स वाळूची होती, आपल्याकडे छावण्यांतल्या कोर्सवर तेल घातलेल्या वाळूची ‘ब्राउन्स’ असायची तशीच. पुढच्या काळात सगळीकडे हिरवंगार बर्म्युडा गवत पसरलं आणि मूळची वाळवंटी कड बुजली. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी १९४३ ची हवाई छायाचित्रं समोर ठेवून ३५ एकरांहून जास्त गवत उपटलं, खाली उघडी वाळू आणि वायरग्रास येऊ दिलं. पाण्याचे सुमारे ११५० फवारे होते, ४५० उरले. जुनी पाइपलाइन फेअरवेच्या मध्यरेषेतून जायची. ती सापडली आणि रॉसची मध्यरेषाच हाती लागली!

२०१४ मध्ये तिथे पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली, मार्टिन कायमर आणि मिशेल वी जिंकले. टीव्हीवर तपकिरी कडा पाहून ‘कोर्स वाळलाय’ म्हणणारे खूप होते.

शंका एका जागी राहतेच. नंबर २ ची उलट्या बशीसारखी ग्रीन्स रॉसने तशी केली की वाळूचे थर साचत जाऊन ती फुगली? बरेच जाणकार दुसऱ्या बाजूचे आहेत. कूर-क्रेनशॉने ती बहुतांश तशीच ठेवली. मला ते पटतं.

मोठ्या नावाचा आर्किटेक्ट आणला की काळजी मिटली?

ओक हिल आणि इनव्हर्नेस या रॉसच्या कोर्सवर १९७० च्या दशकात फॅझिओ काका-पुतण्यांनी नवे होल घातले. ते अँड्र्यू ग्रीनने अलीकडे काढले. ओकलंड हिल्सवर ट्रेंट जोन्सने १९५१ च्या यूएस ओपनसाठी केलेलं काम गिल हान्सने २०२१ पर्यंत पुसलं. तिन्ही पिढ्यांतली नावं मोठीच होती.

आमच्या क्लबात प्रस्ताव आलाय. काय विचारू?

कुठल्या वर्षाकडे परत नेताय, आणि त्या वर्षाचा पुरावा काय? इथे बहुतेकांची बोलती बंद होते. मग: खोदण्याआधी ग्रीन्सचे उतार लेझरने मोजून ठेवणार का? आखूड मारणाऱ्यांच्या, ज्येष्ठांच्या, महिलांच्या टी कुठे? बंकर किती वाढतायत आणि पावसाळ्यानंतर त्यांची वाळू पुन्हा भरायला माणसं किती लागतील?

महाराष्ट्रात यापेक्षा मोठा प्रश्न निचऱ्याचा. काळी माती, चार महिने पाऊस. अमेरिकी पद्धतीच्या ग्रीनमध्ये खडीच्या थरावर सुमारे ३० सेंटीमीटर वाळूमिश्रित माती असते. ती उत्तम निचरा करते, पण उन्हाळ्यात पाणीही तितकंच पिते. ते पाणी मे महिन्यात कुठून आणणार, हे लेखी मागा. या कामाचे फोटो काढता येत नाहीत म्हणून माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शेवटच्या पानावर असतो. खर्च खरा तिथेच करायचा असतो.

यातलं काही सामान्य माणसाला प्रत्यक्ष बघता येईल का?

ओल्ड कोर्स सार्वजनिक जागेवर आहे. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही स्विल्कन पुलावरून चालत जा, चौदाव्याच्या हेल बंकरपर्यंत जाऊन वाकून बघा. खेळायचं असेल तर दोन दिवस आधी सोडत निघते. नॉर्थ बेरिक पाहुण्यांना घेतं. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना लाँग आयलंडवरचा बेथपेज ब्लॅक जवळ आहे. तो टिलिंगहास्टचा, १९३६ चा, आणि सरकारी उद्यानात असल्याने कुणालाही खुला. पहिल्या टीजवळ पाटी आहे: हा कोर्स अतिशय अवघड असून फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावा. कोर्सवर फिरायची गाडी मिळत नाही, चालावं लागतं. बूट चांगले घाला.